ओढणाऱ्या कुत्र्याचा दर

"उठू नका," ती म्हणाली. "तुम्ही उठलात की तो परत निघेल."

मी फुटपाथवर बसलो होतो. बसलो म्हणजे आधी पडलो, मग थोडा घसरत गेलो, आणि शेवटी कसाबसा बसता झालो. हातातली दोरी सोडली नव्हती, तेवढंच काय ते कर्तृत्व. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आमचा कुत्रा जीभ काढून उभा होता, आणि दोरीवर मधोमध तिने पाय दिला होता. तिच्या हातात आणखी दोन कुत्रे होते, शहाण्यासारखे बसलेले. वर्गात नवीन मुलगा आल्यावर जुनी मुलं बघतात, तसे ते माझ्याकडे बघत होते.

सकाळची वेळ होती, वारा सुटला होता आणि बेकरीसमोर पावासाठी रांग होती. ती त्याच रांगेतून बाहेर आली होती. रांगेतले बाकीचे नुसतेच बघत होते.

"लागलं का, दादा?"

"नाही."

"गुडघा फाटलाय."

"पँट फाटलीय. गुडघा आधीपासूनच गेलेला आहे."

ती हसली, पण पाय दोरीवरून काढला नाही. "नाव काय ह्याचं?"

"मऊ."

"काय?"

"मऊ. लहान होता तेव्हा भाचीने ठेवलं."

एव्हाना मऊ माझ्या कमरेपर्यंत यायचा. ताई आणि भावोजी परदेशी नोकरीला गेले, तेव्हा जम बसला की नेतो म्हणून त्याला आमच्याकडे सोडून गेले. त्यांचा जम उत्तम बसला. कुत्र्याचं नाव कुणी काढलं नाही.

"तुम्ही कुत्रे फिरवता का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"फिरवते. पण हा..." तिने मऊकडे नाकापासून शेपटापर्यंत बघितलं. दर सांगायच्या आधी मी जुन्या बाथरूमकडे बघतो तसं. "ह्याचा दर वेगळा पडेल."

"वेगळा म्हणजे किती?"

"बघितल्याशिवाय नाही सांगता येत."

"अंदाजे?"

"अंदाजे सांगितलं की लोक तेच धरून बसतात."

हे वाक्य मी रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर राग आला. तरी मी पत्ता सांगितला. दुसरं काय करणार? उठायचं तर होतंच.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आईने दार उघडलं आणि "कोण गं तू?" असं विचारायच्या आत मऊ तिच्या अंगावर गेला. ती हलली नाही. पाठ फिरवून उभी राहिली, भिंतीकडे बघत. मऊने दोनदा उडी मारली, मग कंटाळून खाली बसला. तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "नमस्कार काकू."

मग तिने पिशवीतून हातकाटा काढला. प्रवासाची बॅग तोलायला असतो तसा छोटा, आकडा असलेला. तिने मऊची दोरी आकड्याला अडकवली आणि काटा उजव्या हातात धरून जिन्याचं दार उघडलं. मऊला रस्ता दिसला. काट्यातली सुई एका झटक्यात शेवटाला गेली. ती डावा पाय रोवून उभी राहिली, पण क्षणभर तिने ओठ घट्ट मिटले.

"दुप्पट," ती म्हणाली.

"कशाच्या दुप्पट?" आईने विचारलं.

"साध्या कुत्र्याच्या."

"अगं, कुत्रा एकच आहे आमचा."

"ओढतो दोघांएवढा, काकू."

मी मधे पडलो. म्हणालो, वेळ तेवढाच लागणार, रस्ता तोच, मग दुप्पट कशाचे?

"तुम्ही काय काम करता?" तिने विचारलं.

"फरशी बसवतो."

"हॉलचा आणि बाथरूमचा दर एकच लावता?"

"छे. बाथरूमला कटिंग असतं, कोपरे असतात, पाण्याला उतार काढावा लागतो..."

"हं," ती म्हणाली.

"घे," आई मला म्हणाली, "पाडून घेतलास धोंडा पायावर."

तिने अटी सांगितल्या. दर महिन्याला काटा परत लागणार. ओढ उतरली की दर उतरणार. साध्यावर आला की मऊ तिच्या मावशीकडे जाणार. दोघी एकत्र राहायच्या आणि एकत्र धंदा करायच्या. मावशी वयाची, म्हणून साधे कुत्रे तिचे. ओढणारे हिचे.

"आणि सुरुवातीला तुम्ही रोज बरोबर यायचं."

"मीच यायचं तर पैसे कसले?"

"कुत्रा तुमच्याकडे राहतो ना? माझ्या माघारी तुम्ही त्याला ओढू दिलंत, तर मी वर्षभर दुप्पट घेत बसेन. मला चालेल. तुम्हालाच वाईट वाटेल."

तिची पद्धत अशी होती. कुत्र्याने ओढलं की थांबायचं. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. विजेच्या खांबासारखं उभं राहायचं. दोरी सैल पडली की पुढे एक पाऊल. परत ओढलं की परत खांब. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही शेजारच्या इमारतीच्या फाटकापलीकडे गेलो नाही. आई गॅलरीतून बघायची.

"अजून तिथेच?" ती वरून ओरडायची. "दुप्पट पैसे घेऊन उभं राहायला शिकवतेस का गं?"

"तेच अवघड असतं, काकू!"

खरं तर मला उभं राहायची सवयच नव्हती. माझं सगळं काम गुडघ्यांवर. लोक मला चपलांवरून माहीत होते. कुणाच्या शेजारी नुसतं उभं राहणं... तसं कधी झालंच नव्हतं. आता रोज सकाळी मी उभा असायचो, शेजारी ती असायची, आणि पुढे मऊ गळ्यातला पट्टा ताणून घोरल्यासारखा आवाज करत असायचा. उभ्या उभ्या माणूस बोलतो. दुसरं करायला काही नसतं.

"दादा, दोरी सैल सोडा."

"एक सांगू का?" मी म्हणालो. "दादा नका म्हणू."

"का?"

"एक बहीण आहे मला. हा कुत्रा तिनेच दिलाय. आणखी एक बहीण परवडणार नाही."

ती इतकी हसली की मऊ ओढायचं थांबून मागे वळून बघायला लागला.

"मग काय म्हणू?"

"काहीही."

"फरशीवाले?"

"चालेल."

तेव्हापासून मी फरशीवाले झालो. एकदा चावीवाल्याच्या बंद दुकानासमोर आम्ही बराच वेळ अडकलो होतो. मी तिला म्हणालो, ही पायाखालची फरशी पोकळ आहे, खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही, टाच आपटून बघा. तिने आपटली. मग शेजारचीवर आपटली. आवाज वेगळा आला तसे तिचे डोळे मोठे झाले. पुढे तिला तो नादच लागला. मऊने ओढलं आणि आम्ही थांबलो की ती टाच आपटायची. "फरशीवाले, ही पोकळ!" येणारेजाणारे आमच्याकडे बघायचे. मऊही बघायचा. मला वाटतं तो त्यामुळेच लवकर सुधारला. त्याला आमची लाज वाटायला लागली असणार.

मग मांजराचा प्रकार झाला. इस्त्रीच्या दुकानाच्या पायरीवरून एक मांजर उतरलं आणि मऊ सुटला. दोरी माझ्या हातात होती, तिनेही झडप घातली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती धरली. माझा हात तिच्या हातावर होता. तिचा तळवा मला बाजूने लागत होता, खरखरीत, दोरीच्या घट्ट्यांचा. माझ्यासारखाच. दुकानातून गरम कपड्यांचा वास येत होता. बारीक पाऊस सुरू झाला होता, तो आमच्या हातांवर पडत होता.

"मांजर गेलं," ती म्हणाली.

"हो..."

"मग सोडा."

"तुम्ही आधी."

"माझा हात खाली आहे, फरशीवाले. मी कसा सोडणार?"

महिना संपला तेव्हा तिने काटा लावला. सुई अर्ध्यावर थांबली.

"दीडपट," ती म्हणाली.

"कमी होतंय," मी म्हणालो.

"काय?"

"दीडपट कमी होतंय. तो मांजरामागे गेला होता. पावणेदोन तरी लावा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "गिऱ्हाईक दर उतरवायला भांडतं."

"मला कुणाची फसवणूक करायची नाही."

"कुणाची?"

"तुमची."

"माझा दर मी लावलाय, फसेन मीच?" तिने काटा पिशवीत टाकला. पण जिना उतरताना ती हसत होती, ते मला मागून खांद्यांवरून कळलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सगळं ऐकलं मी," ती म्हणाली. "लोक भाजीवाल्याशी भांडतात, रिक्षावाल्याशी भांडतात. वरचे पैसे घ्या म्हणून भांडणारा तू पहिलाच. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कुत्रा अजून ओढतो, आई."

"कुत्र्याचं नाही विचारलं मी."

काळजी मला खरीच लागली होती. मऊ दिवसेंदिवस शहाणा होत चालला होता. आम्ही फाटकापलीकडे गेलो, मग चावीवाल्याच्या पुढे, मग बागेपर्यंत. थांबणं कमी झालं तसं बोलणं कमी झालं. चालताना ती पुढे बघायची, मी मऊकडे बघायचो. लोक म्हणायचे, काय सुधारला हो तुमचा कुत्रा! मला वाटायचं, ह्याला काय घाई आहे?

पुढच्या महिन्यात काटा लावायचा दिवस आला, तर ती म्हणाली, "काटा विसरले आज."

"असू दे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि दोघंही मऊकडे बघायला लागलो.

पण पुढची वेळ आलीच. सुई जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. मऊ जिन्याच्या दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता, काही चुकलं का म्हणून.

"साधा," ती म्हणाली. आवाज लहान झाला होता. "सोमवारपासून मावशी येईल."

"आणि तुम्ही?"

"पलीकडच्या वस्तीत दोन कुत्रे आलेत. एकाच घरचे. दोघंही ओढणारे."

"दोन एकदम? आणि खांदा?"

"खांद्याचं काय?"

"चहाचा कप तुम्ही डाव्या हाताने उचलता. पिशवी डावीकडे घेता. काटा उजव्या हातात घेतलात की ओठ मिटता."

"बरंच बघता वाटतं."

"उभं राहून दुसरं काय करणार?"

ह्यावर ती हसली नाही. "दर ओढणाऱ्यांनाच आहे, फरशीवाले. साध्या कुत्र्यांवर दोन माणसांचं घर नाही चालत. आणि ओढणाऱ्याला साधा केला नाही, तर मला पुढचा कोण देईल?" तिने मऊचे दोन्ही कान हातात धरून त्याला काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

"मऊची आठवण ठेवा," मी म्हणालो.

"ठेवीन की," ती म्हणाली. "मऊची."

सोमवारी मावशी आली. मावशी चालायची कमी आणि बोलायची जास्त. मी बरोबर जायची आता गरज नव्हती, तरी गेलो. मऊ तिच्या शेजारून असा चालत होता, जणू जन्मात कधी त्याने कुणाला पाडलंच नाही. मावशीने मला बेकरीवाल्याचं सांगितलं, घरमालकाचं सांगितलं, आणि मग भाचीचं.

"ऐकत नाही हो माझं. डॉक्टर म्हणाले, खांद्याला आराम द्या, नाहीतर पुढे हातच वर जायचा नाही. ही पट्टी बांधून जाते. दोन रेडे आहेत ते, कुत्रे कसले! मी म्हटलं, नाही म्हणून सांग. तर म्हणते, शब्द दिलाय. तशी शब्दाची पक्की आहे. आणि डोकं बघाल तर, कधी काही विसरायची नाही. तो काटा कुठल्या खणात आहे ते झोपेत विचारलं तरी सांगेल."

"मागे एकदा विसरल्या होत्या," मी म्हणालो.

"काय?"

"काटा."

मावशी चालायची थांबली. "काटा विसरली?"

"हो."

"तुमच्याकडे येताना?"

"हो."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग परत खालपासून वर. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिथून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायच्या आधी पलीकडच्या वस्तीत गेलो. ती एका भिंतीजवळ उभी होती. दोन्ही दोऱ्या तिने विजेच्या खांबाला गुंडाळल्या होत्या आणि टोकं डाव्या हातात धरली होती. उजवा हात पोटाशी घेतला होता. कुत्रे खरंच रेड्यांसारखे होते, एक काळा, एक तपकिरी, आणि दोघंही खांबाला घेऊन जायच्या बेतात होते.

"तुम्ही इथे?" ती म्हणाली. "मऊला काय झालं?"

"मऊला काय होणार? द्या ते इकडे."

"पाडतील तुम्हाला."

"पाडू देत."

मी दोऱ्या खांबावरून सोडवून घेतल्या. कुत्र्यांनी जोर लावला. मी तिने शिकवल्यासारखा उभा राहिलो, कोपर अंगाला लावून, वजन टाचांवर. गुडघ्यातून कळ आली. हललो नाही. काळ्याने मागे वळून बघितलं, हा कोण नवीन म्हणून.

"कोपर आणखी आत घ्या," ती म्हणाली. "हं. असं."

"रोज सकाळी मी धरीन," मी म्हणालो. "कामावर जायच्या आधी. तुम्ही फक्त सांगायचं. मऊ शिकत होता तेव्हा मीही शेजारी होतोच."

"आणि तुमचा दर?"

"काही नको."

"फुकट नाही चालणार. फुकट करणारा माणूस उद्या आला नाही तर त्याला बोलताही येत नाही."

"मी येईन."

"अर्धे तुमचे."

"नको म्हटलं ना."

"अर्धे. त्यात बदल नाही. घ्यायचे तर दोऱ्या धरा, नाहीतर द्या इकडे."

"अहो, घेऊन करू काय मी?"

"मला काय माहीत? डब्यात ठेवा."

तपकिरी कुत्र्याने पुन्हा हिसका दिला. मी दात आवळून उभा होतो आणि मनातलं सगळं त्या डब्यापाशी येऊन थांबलं होतं. चांगलं काही सुचलं असतं तर ते म्हणालो असतो.

"एकच डबा ठेवला तर..." मी म्हणालो. "तुमचे अर्धे आणि माझे अर्धे. एकाच डब्यात."

काळा बसला. दोरी सैल पडली. एरवी ती लगेच "पाऊल" म्हणायची. म्हणाली नाही.

"कुठे ठेवायचा हा डबा?" तिने बऱ्याच वेळाने विचारलं.

"आमच्याकडे. म्हणजे... मावशींनाही एक खोली आहे. आईला बोलायला माणूस हवंच असतं. मावशी बोलतात."

"मावशी बोलते," ती म्हणाली. ती हसायचं आवरत होती, पण डोळे भरले होते. "आणि डबा कुणाच्या ताब्यात?"

"तुझ्या."

मला कळायच्या आत तोंडातून निघून गेलं होतं. तिने ऐकलं. डाव्या हाताने तिने माझ्या कोपराला हात लावला आणि ते आणखी थोडं आत ढकललं, बरोबर असूनही.

"मी मात्र 'अहो'च म्हणणार," ती म्हणाली. "आईंसमोर बरं दिसणार नाही."

मी दोऱ्या धरून राहिलो. आईंसमोर, असं म्हणाली होती ती. म्हणजे तिचं स्वयंपाकघरापर्यंतचं सगळं ठरूनही झालं होतं, आणि मी अजून तिच्या उत्तराची वाट बघत होतो.

डबा तिने आणला, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. खांदा बरा झाल्यावरही दोऱ्या मीच धरायचो. दर तीच लावायची, आणि पैसे आले की माझ्यासमोर दोन वाटे करून मग दोन्ही त्यात टाकायची. मी म्हणायचो, एकातच टाकायचे तर वाटे कशाला करतेस? ती म्हणायची, ठरलंय तसं करायचं. ती गेल्यापासून डबा माझ्याकडे आहे. पैसे आले की मीही दोन वाटे करतो. तिचा आधी टाकतो.